कोकण किनाऱ्यावरच्या घरासाठी काँपोझिट डेकिंग कसं निवडावं

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात, समुद्राजवळ घर बांधणारे बरेच जण आता गच्चीला, पडवीपुढच्या मोकळ्या जागेला किंवा स्विमिंग पूलच्या काठाला लाकडाऐवजी काँपोझिट डेकिंग, म्हणजे प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा मिसळून केलेल्या फळ्यांची जमीन, लावतात. सागाला दर वर्षी तेल-पॉलिश लागतं, ते चुकतं आणि वाळवीचीही काळजी कमी होते. दुकानात मात्र सगळं बोलणं फळीचा रंग आणि वरची नक्षी यांवरच होतं. किनाऱ्यावरचं डेक बिघडतं ते बहुतेक वेळा खालून. स्क्रू गंजतात, सांगाडा फुगतो, पावसाळ्यात आत शिरलेली ओल दिवाळीपर्यंत बाहेर पडत नाही. म्हणून निवडही खालून वर करत यावी: आधी जागा, मग सांगाडा आणि स्क्रू, शेवटी फळी.

१. जागेची पाहणी

पाहणी शक्यतो पावसाळ्यात करा. जिथे आत्ता जमिनीवर हिरवं शेवाळ धरतं, तिथेच ते उद्या डेकवर धरणार. छपराच्या पागोळ्या ज्या रेषेत पडतात ती रेषा खडूने आखून ठेवा. डेकची कड या रेषेच्या आत तरी घ्या किंवा वर पन्हळ लावा. कोकणात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. चार महिने एकाच ओळीवर धार पडत राहिली तर कुठलीही फळी तिथे आधी काळवंडते.

फणसाखाली किंवा विहिरीजवळ, ऊन अजिबात न पोचणाऱ्या जागी काँपोझिट लावूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे जांभा किंवा खडबडीत फरशी स्वस्त पडते आणि घासून साफही करता येते.

गच्चीवर डेक करायचं असेल तर आधी वॉटरप्रूफिंग तपासा. पाणी तुंबवून दोन दिवस ठेवा आणि खालच्या खोलीचं छत पाहा. ढाळ मीटरला किमान १ सेंटिमीटर हवा. डेक बसल्यावर गळती शोधायची म्हणजे सगळं उचकटणं आलं. भरतीरेषेजवळ जमिनीत पाया घेऊन नवं बांधकाम होणार असेल, तर २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेखाली आपली जागा कुठल्या पट्ट्यात येते हे सामान मागवण्याआधी विचारून घ्या.

२. सांगाडा

आपल्याकडे तीन पर्याय मिळतात. पहिला लोखंडी चौकोनी पाइपचा. फॅब्रिकेटर ‘जीआय पाइप वापरू’ म्हणतो, तेव्हा तो बहुतेकदा पातळ जस्त चढवलेला तयार पाइप असतो. तो कापून वेल्डिंग केलं की सांध्यावरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. सिल्व्हर रंगाचा हात मारून तो थांबत नाही. लोखंडच वापरायचं असेल तर सांगाडा आधी पूर्ण तयार करून घ्या आणि मग हॉट-डिप गॅल्व्हनायझिंगला, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायला, पाठवा. बंद पाइपला त्यासाठी हवा जाण्याची भोकं ठेवावी लागतात, नाहीतर आतली वाफ कोंडून तो जस्ताच्या कढईत फुटू शकतो.

दुसरा पर्याय अॅल्युमिनियमचा, ६०६३-टी६ दर्जाचा, भिंत किमान २ मिलिमीटर जाड. किनाऱ्यापासून एखाद्या किलोमीटरच्या आत आम्ही हाच सुचवतो. महाग पडतो, पण पुन्हा हात लावावा लागत नाही. ओल्या सिमेंटला अॅल्युमिनियम थेट टेकवू नका, खाली रबरी पॅड द्या.

तिसरा पर्याय काँपोझिटचेच जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालचे आधाराचे वासे. ते सपाट स्लॅबवर पूर्ण टेकलेले असतील तरच चालतात. दोन आधारांमध्ये अधांतरी ठेवले तर उन्हाळ्यात हळूहळू झोळ पडतो, कारण तापलेलं प्लास्टिक सततच्या भाराखाली वाकत जातं.

जॉइस्टमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ३०० मिलिमीटर ठेवा. काही कंपन्या भरीव फळीला ४०० पर्यंत मुभा देतात, पण ते आकडे थंड प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असू शकतात. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता फळी जितकी मऊ पडते ती लक्षात घेऊन ३०० च धरा.

फळीच्या खाली किमान ५० मिलिमीटर मोकळी जागा हवी, जमिनीवरच्या डेकला १०० तरी. दोन बाजू उघड्या ठेवा म्हणजे वारा आरपार जाईल. दिसायला नीटनेटकं म्हणून चारही बाजूंनी पट्टी ठोकून डेक बंद करतात, आणि मग खाली पानं कुजतात, डास होतात. पट्टी लावायचीच तर खाली २० मिलिमीटरची फट सोडा, आणि एखादी फळी सहज उघडता येईल अशी ठेवा. स्लॅबवर जॉइस्ट ढाळाच्या दिशेनेच घाला. आडवे घातले की प्रत्येक जॉइस्ट म्हणजे एक छोटा बांध.

जून २०२० मधलं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा घरांचे पत्रे उडाले. वारा डेकच्या खालूनही उचलतो. उघड्या माळ्यावरचा किंवा गच्चीवरचा सांगाडा नुसता पॅडवर ठेवू नये. कठड्याला किंवा कडेच्या पट्टीला तो जखडून घ्या, वॉटरप्रूफिंगमधून मात्र भोक पाडू नका.

३. स्क्रू आणि क्लिप

सगळ्यात कमी पैसे इथे लागतात आणि सगळ्यात जास्त डेक इथेच वाया जातात. समुद्र दिसतो तिथे स्टेनलेस स्टीलचा एसएस ३१६ हा दर्जा, आत गावाकडे एसएस ३०४ चालेल. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेत त्याला ठिपक्यांसारखे गंजाचे खड्डे सहजी पडत नाहीत. ३०४ वर वर्षभरात चहाच्या रंगाचे डाग येतात. फिकट फळीवर ते ओघळ कायमचे दिसतात.

फसगत होते ती सेल्फ-ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडत जाणाऱ्या स्क्रूमध्ये. ‘स्टेनलेस’ म्हणून मिळणारे बरेच स्क्रू ४१० दर्जाचे असतात आणि किनाऱ्यावर ते लवकर गंजतात. चुंबक लावून पाहा: घट्ट चिकटला तर तो स्क्रू घेऊ नका. चुंबकाने ३०४ आणि ३१६ यांतला फरक मात्र कळत नाही. बोल्टच्या डोक्यावर ए२ लिहिलं असेल तर ते ३०४ च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६ च्या. क्लिप, म्हणजे फळीला सांगाड्याशी धरून ठेवणारी पकड, हीही त्याच दर्जाची मागा. काळ्या रंगाच्या लोखंडी क्लिपचा रंग स्क्रू आवळतानाच खरवडला जातो.

अॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्क्रू जातो तिथे मिठाच्या ओलाव्यात अॅल्युमिनियम झिजू लागतं. मध्ये नायलॉनचा वॉशर टाका किंवा भोकात थोडं सीलंट भरा.

४. फळी

‘डब्ल्यूपीसी’ (लाकूड-प्लास्टिक काँपोझिट) या एका नावाखाली आपल्या बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. किचनच्या शटरला वापरतात तो हलका, फेसाळ पीव्हीसी बोर्ड डेकसाठी नाही. बाहेरच्या उन्हात तो वाकतो. डेकची फळी म्हणजे एचडीपीईसारखं प्लास्टिक आणि लाकडाचा भुसा किंवा तांदळाचं तूस यांचं दाट मिश्रण. त्यात भुसा साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त असतो. पाणी पितो तो हाच भुसा.

म्हणून पहिला प्रश्न विचारा: फळीवर प्लास्टिकचं आवरण आहे का, आणि ते किती बाजूंना आहे? आवरण नसलेली फळी स्वस्त असते, पण ती पहिल्या पावसात तपकिरी पाणी सोडते, रंग उडवते आणि बुरशी धरते. तीन बाजूंचं आवरण असलेली फळी दुकानात छान दिसते, पण खालची बाजू उघडी राहते, आणि कोकणात ओल येते ती खालूनच. चारही बाजूंनी आवरण असलेलीच घ्या. नमुना हातात आला की आधी उलटा करून पाहा.

दुसरा प्रश्न, भरीव की पोकळ. १४० × २५ मिलिमीटरची, १० फुटी भरीव फळी साधारण १३ किलो भरते, तर पोकळ ७ ते ८ किलो. पोकळीत टोकांकडून पाणी जातं आणि वाळत नाही, मुंग्यांना ती आयती जागा होते. शिवाय पोकळ फळी उभी चिरता येत नाही. इथे भरीवच बरी.

नमुन्याचे १५ सेंटिमीटरचे तुकडे दोन-तीन दुकानांतून आणा आणि ही चाचणी घरी करा. भरीव तुकडा ६५० ग्रॅमच्या आसपास भरेल. वजन आणि जाडी लिहून ठेवा, आठवडाभर पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा मोजा. ७-८ ग्रॅम वाढ ठीक आहे, २० ग्रॅमच्या पुढे गेली तर तो माल नको. जाडी व्हर्निअरने कापलेल्या टोकाशी मोजा, कारण फुगवटा आधी तिथे दिसतो. युरोपातल्या ईएन १५५३४ मानकात २८ दिवस बुडवल्यावर जाडीतली सरासरी वाढ ४ टक्क्यांपर्यंत चालते, म्हणजे २५ मिलिमीटरच्या फळीला १ मिलिमीटर. विक्रेत्याकडे या मानकाचा किंवा अमेरिकेतल्या एएसटीएम डी७०३२ चा चाचणी अहवाल मागा, आणि अहवालातलं उत्पादनाचं नाव तुमच्या मालाचंच आहे ना ते ताडून घ्या.

रंगाचा निर्णय अनवाणी पायांनी करा. नमुने एप्रिल-मेमध्ये गच्चीवर दुपारी १२ ते ३ ठेवा आणि मग त्यांवर उभे राहा. काळपट राखाडी किंवा गडद तपकिरी फळीचा पृष्ठभाग भर उन्हात ६० अंशांच्या वर जातो, आणि लहान मुलांचे पाय भाजतात. अगदी फिकट रंगावर आंब्याचे, कोकमाचे डाग उठून दिसतात. वाळूचा किंवा मध्यम राखाडी रंग दोन्ही बाजूंनी सोयीचा. त्याच नमुन्यावर साबणाचं पाणी टाकून पाऊलही घसरवून पाहा. अहवालात पेंड्युलम चाचणीचा, म्हणजे घसरणीच्या चाचणीचा, ओल्या पृष्ठभागाचा आकडा ३६ किंवा जास्त असावा. खोल खाचांची फळी पकड देते असं वाटतं, पण खाचांत माती आणि शेवाळ बसलं की तीच निसरडी होते.

समोर मोठ्या परावर्तक काचा असतील तर जपा. काचेतून परतलेलं ऊन एका पट्ट्यावर एकवटलं की फळी तिथे वाकते.

५. किती माल लागेल

समजा गच्चीचा भाग ३ मीटर × ४ मीटर आहे. फळ्या ३ मीटरच्या दिशेने घातल्या तर १० फुटी फळीत सांधा येत नाही. भिंतीशी दोन्हीकडे १० मिलिमीटर सोडायचे, म्हणून फळी २९८० मिलिमीटरला कापा. १४० ची फळी आणि ५ मिलिमीटरची फट धरली तर २७ अख्ख्या फळ्या ३९१० मिलिमीटर व्यापतात, भिंतीच्या फटी वगळता ७० उरतात. म्हणजे अठ्ठाविसावी फळी चिरून ६५ मिलिमीटरची पट्टी करावी लागेल. ती अरुंद पट्टी दाराशी येऊ देऊ नका. पहिली आणि शेवटची अशा दोन्ही फळ्या सारख्या चिरल्या तर डेक जास्त चांगलं दिसतं. चिरलेली बाजू उघडी असते, ती भिंतीकडे ठेवा.

जॉइस्ट ११, प्रत्येकी सुमारे ४ मीटर, म्हणजे ४४ मीटर. क्लिप २७ फटी × ११, म्हणजे २९७, शिवाय दोन कडांना २२ कडेच्या क्लिप. ३० फळ्या, ३१५ मधल्या क्लिप आणि त्या २२ कडेच्या क्लिप मागवा. जादा फळ्या सांभाळून ठेवा, पाच वर्षांनी त्याच रंगाची बॅच मिळेलच असं नाही.

६. बसवताना

सागाला, ऐनाला सरावलेला सुतार फळ्या एकमेकींना भिडवून घट्ट ठोकतो. इथे ते चालत नाही. काँपोझिट मुख्यतः लांबीत वाढतं: ३ मीटरची फळी डिसेंबरच्या सकाळपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत, पृष्ठभागाच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर सुमारे ६ मिलिमीटर लांबते. भिंतीशी जागा नसेल तर ती मधून उचलते. लांब डेकवर टोकाला टोक येत असेल तर तिथे दोन जॉइस्ट शेजारी-शेजारी द्या, म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतःचा आधार मिळेल. अशा दोन टोकांमधली फट थंडीत ६, भर उन्हाळ्यात ३ मिलिमीटर पुरते. फळ्या बसवण्याआधी दोन दिवस त्याच जागी सावलीत आडव्या पसरून ठेवा, उभ्या टेकवल्या तर वाकतात. प्रत्येक फळी मध्यावर एकाच ठिकाणी पक्की करा, बाकीच्या क्लिपमध्ये ती सरकू द्या. वरून स्क्रू मारायचाच तर आधी भोक पाडा, नाहीतर टोक चिरतं.

७. बिल आणि वॉरंटी

बिलावर ब्रँड, उत्पादनाचा कोड, रंग आणि ‘चार बाजू आवरण’ हे शब्द लिहून घ्या. वॉरंटीत तीन गोष्टी शोधा: खाऱ्या हवेसाठी कुठले स्क्रू बंधनकारक आहेत, जॉइस्टचं अंतर किती मानलं आहे, आणि घरगुती वापराची व्याख्या काय आहे. होमस्टे चालवत असाल तर तो बहुतेक कंपन्यांच्या लेखी व्यावसायिक वापर ठरतो आणि मुदत खूप कमी होते. हे आधी लेखी विचारा.

मे अखेरीस आणि ऑक्टोबरात डेक साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या मऊ झाडूने धुवा, आणि फटींतली पानं पट्टीने काढा. प्रेशर वॉशर १५०० पीएसआय दाबाच्या वर नको, नोझल पंखासारखं फवारणारं असावं आणि फळीपासून वीतभर लांब. ॲसिड आणि तारेचा ब्रश वापरू नका. रबराच्या तळाची पायपुसणी काढून टाका, तिच्याखाली रंग बदलतो आणि तो डाग पुन्हा निघत नाही.