विद्यार्थी गटाच्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिताना या चुका टाळा

सॉफ्टवेअर प्रकल्प सत्राच्या शेवटी अडकला की दोष बहुधा कोडिंगला किंवा गटातील एखाद्या सदस्याला दिला जातो. परंतु सुरुवातीला दिलेला प्रस्ताव पुन्हा काढून वाचला, तर अडचणीचे मूळ अनेकदा त्याच चार-पाच पानांत सापडते. मार्गदर्शकांची मंजुरी मिळवण्यापुरता एक कागद, अशा समजुतीने प्रस्ताव लिहिला जातो आणि मंजुरी मिळाल्यावर तो कोणी उघडत नाही. वास्तविक तो गटातील सदस्यांनी आपापसांत केलेला करार असतो. काय करायचे, काय करायचे नाही आणि काम पूर्ण झाले असे केव्हा म्हणायचे, हे त्यात ठरते. पुढील बहुतेक चुका करार आणि कागद यांतला हा फरक न ओळखल्यामुळे होतात.

समस्येआधी तंत्रज्ञान

‘आम्ही रिअ‍ॅक्ट आणि फायरबेस वापरून एक आधुनिक अ‍ॅप तयार करणार आहोत’ या वाक्याने सुरू होणाऱ्या प्रस्तावात अ‍ॅप कोणासाठी आहे, हे दुसऱ्या पानापर्यंत कळत नाही. पहिल्या परिच्छेदात वापरकर्ता कोण, तो आज ते काम कसे करतो आणि नेमका कुठे अडतो, एवढेच यावे. उदाहरणार्थ, प्रयोगशाळेतील उपकरणांची देवघेव वहीत नोंदली जाते, एखादे उपकरण कोणाकडे आहे हे शोधण्यासाठी पूर्ण वही चाळावी लागते आणि परत करण्याची तारीख उलटली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. परिच्छेद लिहून झाल्यावर त्यातील तंत्रज्ञानाची सर्व नावे झाकून तो वाचावा. उरलेल्या मजकुरातून समस्या समजली नाही, तर तो पुन्हा लिहावा. त्याआधी ही वही प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या व्यक्तीशी अर्धा तास बोलणे मला अत्यावश्यक वाटते, कारण घरबसल्या कल्पिलेल्या अडचणी आणि खऱ्या अडचणी क्वचितच जुळतात.

‘अशी प्रणाली सध्या उपलब्ध नाही’ हे विधानही टाळावे. ते बहुधा खरे नसते आणि परीक्षक ते मिनिटभरात खोडून काढू शकतात. उपलब्ध असलेल्या दोन-तीन प्रणाली स्वतः वापरून पाहाव्यात आणि आपल्या वापरकर्त्याचे कोणते काम त्यांतून होत नाही, ते लिहावे.

न पेलणारी व्याप्ती

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. लॉगिन, सूचना, चॅट, ऑनलाइन पेमेंट, मोबाइल अ‍ॅप, शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित शिफारशी अशी यादी प्रभावी दिसते, परंतु तिच्यासाठी वेळ किती लागेल याचा हिशोब प्रस्तावात कुठेच नसतो. तो करून पाहू. चार विद्यार्थी, १४ आठवडे आणि प्रत्येकी आठवड्याला ८ तास धरले, तर एकूण ४४८ तास होतात. परीक्षांचे दोन आठवडे वगळले की ३८४ उरतात. दर आठवड्याच्या एक तासाच्या बैठकीत चौघांचे मिळून ४८ तास जातात, आणि अहवाल व सादरीकरणासाठी ६० तास ठेवले की २७६ तास शिल्लक राहतात. त्यातला एक तृतीयांश वेळ, म्हणजे ९२ तास, टेस्टिंग आणि सर्वांचे कोड एकत्र जोडण्यासाठी राखला, तर प्रत्यक्ष कोडसाठी १८४ तास, म्हणजे प्रत्येकाला केवळ ४६ तास मिळतात. नवीन फ्रेमवर्क (सॉफ्टवेअर उभारण्याचा तयार सांगाडा) शिकण्याचा वेळही त्यातूनच काढावा लागतो.

गट मोठा आहे म्हणून कामही त्याच प्रमाणात वाढेल, हा हिशोबही चुकतो. चार जणांच्या गटात आपसांत बोलणाऱ्या जोड्या ६ असतात, सहा जणांच्या गटात त्या १५ होतात. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आणखी माणसे घातली की तो अधिकच लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये मांडलेले निरीक्षण यासाठीच लक्षात ठेवावे.

यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर तज्ज्ञ डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये सुचवलेली मॉस्को (MoSCoW; Must, Should, Could, Won't या इंग्रजी शब्दांवरून) पद्धत वापरता येते. तिच्यात मागण्यांचे चार गट पडतात: हव्याच अशा, असाव्यात अशा, जमल्यास करायच्या आणि या वेळी न करायच्या. चौथा गट विद्यार्थी हमखास गाळतात. माझ्या मते तोच सर्वाधिक उपयोगी आहे, कारण ‘पेमेंट या टप्प्यात नाही’ असे लेखी ठरले असेल, तर ऐनवेळी आलेल्या नव्या मागणीला उत्तर तयार असते. उपलब्ध तासांच्या निम्म्याहून थोड्याच अधिक वेळात ‘हव्याच’ गटातील कामे बसत नसतील, तर यादी आणखी कापावी.

मोजता न येणारी उद्दिष्टे

‘प्रणाली वेगवान, सुरक्षित आणि वापरण्यास सोपी असेल’ हे वाक्य तपासायचे कसे, हे कोणालाच सांगता येत नाही. संगणकाचा प्रतिसाद १ सेकंदात आला तर वापरकर्त्याची विचारांची साखळी तुटत नाही आणि सुमारे १० सेकंदांपलीकडे त्याचे लक्ष टिकत नाही, या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी सांगितलेल्या मर्यादा आधाराला घेऊन ‘५०० उपकरणांच्या यादीतील शोधाचा निकाल १ सेकंदात दिसेल’ असे लिहिता येते. सुरक्षिततेबाबत ‘पासवर्ड मूळ स्वरूपात साठवला जाणार नाही’ हे एक वाक्यही ‘सुरक्षित’ या विशेषणापेक्षा अधिक सांगते.

कामाची आडवी वाटणी

एकाकडे फ्रंटएंड (वापरकर्त्याला दिसणारा भाग), दुसऱ्याकडे बॅकएंड (पडद्यामागे चालणारा भाग), तिसऱ्याकडे डेटाबेस (माहितीचा साठा) आणि चौथ्याकडे कागदपत्रे, ही वाटणी नीटस दिसते. पण तिच्यात शेवटच्या आठवड्यापर्यंत काहीही चालू स्थितीत दिसत नाही आणि चौथ्या सदस्याला प्रकल्पातील कोड समजत नाही. त्याऐवजी ‘उपकरण देणे’, ‘परत घेणे’, ‘थकीत यादी’ अशी कामे स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत एकेका सदस्याकडे द्यावीत. वेळापत्रकातही टेस्टिंगची एकच पट्टी शेवटी न ठेवता प्रत्येक टप्प्यासोबत ती दाखवावी, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत एक तरी काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालताना दिसेल, असा टप्पा ठेवावा.

जोखमीच्या भागात ‘वेळेची कमतरता’ एवढेच लिहू नये. खरी जोखीम परावलंबी गोष्टींत असते: दुसऱ्याच्या ताब्यातील डेटा, एखाद्या एपीआयची (दुसऱ्या सॉफ्टवेअरची सेवा आपल्या कोडमधून वापरण्याच्या सोयीची) मोफत वापराची मर्यादा, लोकांची वैयक्तिक माहिती वापरण्याची परवानगी. मशीन लर्निंगच्या, म्हणजे संगणकाला डेटावरून शिकवण्याच्या, प्रकल्पात त्यासाठीचा डेटासेट (माहितीसंच) हाती नसताना अचूकतेची टक्केवारी लिहिली जाते, हे विशेष धोक्याचे आहे. अशा प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणत्या तारखेपर्यंत मिळाली पाहिजे आणि न मिळाल्यास काय करायचे, हे लिहावे.

प्रस्ताव परत आला तर

‘व्याप्ती फार मोठी’ असा शेरा आला, तर सर्व कामे थोडी थोडी छाटू नयेत. एक वापरकर्ता आणि त्याचे एक काम पूर्ण ठेवून बाकीची कामे ‘या वेळी न करायच्या’ गटात टाकावीत. ‘उद्दिष्टे अस्पष्ट’ असा शेरा असेल, तर प्रत्येक उद्दिष्टापुढे ते तपासण्याची कृती लिहावी. जिथे कृती सुचत नाही, ते उद्दिष्ट काढून टाकावे. सुधारित मसुदा देण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने, एकमेकांना न विचारता, आपण काय तयार करणार आहोत हे तीन वाक्यांत लिहावे आणि ती उत्तरे शेजारी ठेवून वाचावीत. जिथे ती जुळत नाहीत, तो भाग प्रस्तावात पुन्हा लिहायचा आहे.