न्हावा-शेवा जवळ असल्याचा लाभ द्राक्ष-निर्यातदाराने कसा घ्यावा

नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष-निर्यातदाराला जवाहरलाल नेहरू बंदर, म्हणजेच न्हावा-शेवा, साधारण 200 किलोमीटरांवर मिळते. हा लाभ केवळ वाहतूकभाड्यात शोधू नये, कारण नाशवंत मालाच्या बाबतीत खरी बचत वेळेची असते. म्हणून नियोजन नेहमी जहाजापासून मागे मोजत करावे.

बुकिंग हाती येताच जहाज सुटण्याची तारीख नव्हे, तर कंटेनर बंदराच्या गेटमधून आत जाण्याची अंतिम मुदत, म्हणजे कट-ऑफ, वहीत लिहून ठेवावी. तिच्यातून गेटवरील रांग, कसारा घाटातील कोंडी, सीमाशुल्काचे सोपस्कार, भरणी आणि प्री-कूलिंग (भरणीपूर्वी फळ थंड करणे) यांचे तास वजा केले की तोडणी कधी सुरू करायची ते ठरते. दूरच्या राज्यातील निर्यातदाराला या हिशेबात काही दिवस राखून ठेवावे लागतात, तर नाशिककराला तेच दिवस फळाच्या ताजेपणासाठी वापरता येतात.

रिकामा रिफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेला कंटेनर, बहुधा बंदराच्या परिसरातील यार्डातूनच आणावा लागतो. त्यामुळे ट्रेलरचे भाडे ठरवताना जाण्यायेण्याचे मिळून 400 किलोमीटर धरावेत आणि भरणीसाठी किती तास मोफत थांबेल, हे आधीच लेखी घ्यावे. कंटेनर ताब्यात घेताना दाराचे रबर, तळाची स्वच्छता आणि प्री-ट्रिप तपासणीची, म्हणजे प्रवासापूर्वी केलेल्या शीतयंत्राच्या तपासणीची, नोंद पाहावी. रिफर माल थंड करत नाही, थंड झालेला माल थंड ठेवतो. तेव्हा पेट्या चढवण्यापूर्वी मण्यात तापमापकाची सुई खुपसून आतले तापमान शून्य अंशाच्या आसपास आल्याची खात्री करावी, मग बंदर कितीही जवळ असो. भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन जहाज कंपनीला कळवणे 1 जुलै 2016 पासून आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे, म्हणून वजनकाटा वाटेवरचाच निवडावा.

माझ्या मते अंतराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व जहाजांच्या संख्येला आहे. 1989 मध्ये सुरू झालेले हे बंदर मुंबईच्या खाडीच्या आडोशाला, शहराच्या समोरच्या किनाऱ्यावर असल्यामुळे नाशिकहून भिवंडीमार्गे येणाऱ्या ट्रेलरला मुंबई शहरात शिरावे लागत नाही, आणि येथे अनेक कंपन्यांची जहाजे लागत असल्यामुळे एक चुकले तरी पर्याय शोधता येतो. घराजवळ असूनही जहाजे क्वचित येणारे बंदर द्राक्षाच्या कामाचे नाही.

कट-ऑफ चुकलाच, तर कंटेनर रस्त्यावर उभा न ठेवता वीजजोडणी असलेल्या कंटेनर फ्रेट स्टेशनात, म्हणजे बंदराबाहेरील कंटेनर हाताळणी केंद्रात, लावावा आणि पुढच्या जहाजावर जागा मागावी. तेथील विजेचा व थांब्याचा दर सीएचएकडून, म्हणजे सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या दलालाकडून, हंगामाच्या सुरुवातीलाच लिहून घ्यावा.