वॉचमनला ब्लँकेट वाटण्याआधी: या चुका टाळा

थंडी पडली की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो: वॉचमनसाठी ब्लँकेट घेतोय, इच्छुकांनी नावं द्यावीत. नावं भराभर येतात. आणि हीच मंडळी वार्षिक सभेत सिक्युरिटीचं सगळ्यांत स्वस्त कोटेशन हात वर करून मंजूर करतात. गरिबांसाठी काहीतरी करू पाहणाऱ्यांची ही सगळ्यांत मोठी चूक. ती कुणाला चूक वाटतच नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

कोटेशन स्वस्त का आहे ते कळायला सीए लागत नाही. एका कागदावर किमान वेतन लिहा. त्यात विशेष भत्ता धरा. तो आपल्या राज्यात जानेवारी आणि जुलैत बदलतो, मागच्या वर्षीचा आकडा चालत नाही. त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ, प्रशासकीय खर्चासह १३ टक्के. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ३.२५ टक्के, बोनस किमान ८.३३ टक्के. बारा तासांची ड्युटी असेल तर ओव्हरटाइम दुप्पट दराने. कोटेशनचा आकडा या बेरजेच्या खाली असेल, तर एजन्सी काही पदरचे पैसे घालणार नाही. तो फरक वॉचमनच्या पगारातून निघतो. दिल्लीच्या एशियाडसाठी बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच सांगितलंय की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे सक्तीची मजुरी, घटनेच्या कलम २३ चा भंग. हे सभेत वाचून दाखवा, लोक पार्किंगच्या विषयाकडे वळतात.

"पण आम्ही पीएफचं चलन बघतो ना!" हे उत्तर मला पाठ झालंय. नेरूळच्या एका सोसायटीत कमिटीने कागद बघायला बोलावलं होतं. एजन्सी दर महिन्याच्या बिलाला चलन जोडायची. चलन खरं होतं, पैसे भरलेले होते, खजिनदार खूश. चलनाबरोबर कामगारांच्या नावांची यादी असते, ती मात्र कुणी मागितलीच नव्हती. मागितल्यावर आज देतो, उद्या देतो सुरू झालं. शेवटी यादी आली तेव्हा त्यात त्या सोसायटीच्या गेटवरचं एकही नाव नव्हतं. एकाच चलनाची झेरॉक्स ती एजन्सी तिच्या सगळ्या सोसायट्यांना लावत होती. कपात मात्र प्रत्येकाच्या पगारातून न चुकता. रात्रपाळीला पाटणकडचे एक काका होते. त्यांना सुपरवायझरने सांगितलं होतं की पीएफ गावाला परत गेल्यावर मिळतो.

कमिटीतले तरुण सदस्य पेटले: आजच्या आज एजन्सी बदला! थांबा जरा. एजन्सी गेली की थकबाकीही गेली, आणि नव्या एजन्सीचे वॉचमन नवे. आम्ही लेखी कळवलं की मागचा पीएफ नावानिशी भरल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. तेव्हा कुठे नावं चढली, तीही सगळ्या महिन्यांची नाही.

तेव्हापासून माझी सवय एकच. चलन बाजूला ठेवायचं, यादी मागायची, आणि प्रत्येक वॉचमनला यूएएनला (पीएफ खात्याच्या कायमच्या नंबरला) जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्यायला सांगायचं. शेवटचा हप्ता कधी जमा झाला त्याचा मेसेज येतो. ज्याला येत नाही, त्याच्याशी आधी बोलायचं.

सेप्टिक टँक किंवा एसटीपी (सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) साफ करायला माणूस आत उतरवणारा "स्वस्तातला" ठेकेदार धरू नका. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळीच्या एका सोसायटीत एसटीपी साफ करताना तीन कामगार गेले. २०१३ च्या कायद्याने हे बंद आहे. सक्शनची गाडी मागवा, यावर चर्चा नको.

नाक्यावर बिगारीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस आणि संध्याकाळी "सुट्टे नाहीत, उद्या ये". लाज वाटली पाहिजे.

जुने कपडे वाटणं: पुरे आता.

बांधकाम कामगारांची नोंदणी शिबिरं घेता, फोटो काढता, पण नोंदणीला लागणारा ९० दिवस काम केल्याचा दाखला कोण देणार ते आधी ठरवत नाही. ठेकेदार सही करत नाही, मग एजंटचं फावतं. ज्याने तुमच्या इमारतीचं रंगकाम, वॉटरप्रूफिंग केलं, त्याच्याकडून काम चालू असतानाच सह्या घ्या. बिल हातात असतं तेव्हा पेन लवकर सापडतं.

आता दुसरी लाडकी चूक: छापा. दिवाळीनंतर भिवंडी, शहापूर, मुरबाडकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं येतात. उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली असते, आठवड्याला खावटी (खाण्यापुरते पैसे) मिळते, आणि हिशेब हंगाम संपल्यावर मालकाच्या वहीतून. हे कळल्यावर एक उत्साही ग्रुप शनिवारी थेट भट्टीवर गेला, लाइव्ह केलं, मालकाशी हुज्जत घातली, वाटेत मिसळ खाऊन परत आला. तहसील कार्यालयाची माणसं पोचली तेव्हा झोपड्या रिकाम्या. रात्रीच टेम्पो लागला होता. जबाब द्यायला कुणी उरलंच नाही, आणि व्हिडिओला लाइक मात्र भरपूर.

वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा आहे. त्यात उचलीचं कर्ज रद्द होतं. पण प्रशासनाकडून मुक्ततेचा दाखला हातात पडला नाही तर पुनर्वसन अडतं आणि तीच उचल पुढच्या हंगामात पुन्हा मानेवर बसते. म्हणून आधी गुपचूप माहिती, मग कलेक्टर किंवा तहसीलदारांकडे लेखी अर्ज. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटना १९८० च्या दशकापासून हे काम करतेय. त्यांना विचारा, ते सांगतील तेवढंच करा. बहुतेक वेळा ते रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभं राहायला सांगतील. त्यात लाइव्ह करण्यासारखं काही नसतं, म्हणून तिथे कुणी टिकत नाही.

आणि उचलीवरून भट्टीमालकाला शिव्या घालणाऱ्या किती घरांत कामाच्या मावशींना मुलीच्या लग्नाला उसने दिलेले असतात, फिटेपर्यंत दुसरं घर धरायचं नाही या बोलीवर? पैसे जरूर द्या. किती कापणार ते लिहून दोघींकडे ठेवा, आणि काम सोडायची मोकळीक राहू द्या.

शेवटचं, तक्रार करणाऱ्यांसाठी. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडमध्ये. तिथले कलेक्टर अलिबागला बसतात. "नवी मुंबई" एवढाच पत्ता लिहिलेले अर्ज टेबलांवर फिरत राहतात. गाव, सेक्टर, तालुका, जिल्हा नीट लिहा, दोन प्रती न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.