मृत्यूची नोंद नेमक्या कोणत्या काउंटीत शोधायची?

अमेरिकेत ओहायो राज्यातील एका छोट्या वकिली कार्यालयात साहाय्यक म्हणून रुजू झाल्यावर माझ्याकडे आलेले पहिले काम वरवर अगदी सोपे होते. एका घराच्या कागदपत्रांवर बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेल्या सहमालकाचे नाव तसेच राहून गेले होते आणि ते कमी करण्यासाठी त्याच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत हवी होती. घर ज्या काउंटीत, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागात, होते त्याच काउंटीत मी अर्ज पाठवला, शुल्क भरले आणि काही आठवड्यांनी ‘नोंद आढळली नाही’ असे पत्र हाती पडले. चूक माझीच होती. गृहस्थ राहत होते एका काउंटीत, पण त्यांचे निधन झाले ते शेजारच्या काउंटीतील रुग्णालयात. मृत्यूची नोंद माणूस जिथे राहत होता तिथे किंवा त्याला जिथे पुरले तिथे होत नाही; ज्या ठिकाणी मृत्यू घडला तिथे ती होते. हा नियम इतका साधा आहे की तो मला मुद्दाम सांगण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

मराठी वाचकाला हे पटवायला डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण पुरेसे आहे. न्यूयॉर्क राज्यातील डचेस काउंटीत, पकिप्सी गावच्या दफनभूमीत, त्यांना अमेरिकेत आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांच्या नावाचा दगड आहे. तो पाहून डचेस काउंटीत त्यांच्या मृत्यूची नोंद शोधायला कुणी गेले, तर हाती काही लागणार नाही, कारण फेब्रुवारी १८८७मध्ये त्या पुण्यात वारल्या आणि पकिप्सीला गेल्या त्या केवळ त्यांच्या अस्थी. दफनभूमीतील दगड हा शोधाचा धागा असतो, मृत्यूच्या ठिकाणाचा पुरावा नव्हे.

ठिकाण कळले की पुढचा प्रश्न वर्षाचा. अमेरिकेत मृत्यूंची एकच राष्ट्रीय नोंदवही नाही. हा विषय राज्यांचा आहे आणि प्रत्येक राज्याने आपापल्या सवडीने नोंदणी सुरू केली. ओहायोत १८६७ ते डिसेंबर १९०८ या काळातील नोंदी काउंटीच्या प्रोबेट कोर्टाच्या, म्हणजे मृत्युपत्रे आणि वारसा पाहणाऱ्या न्यायालयाच्या, वह्यांत आहेत आणि त्यानंतर राज्याचे दाखले सुरू होतात. पेनसिल्व्हेनियात राज्याची नोंदणी १९०६पासूनची आहे आणि त्याआधीच्या १८९३ ते १९०५ या वर्षांसाठी काउंटीच्या कोर्टात जावे लागते. टेक्सासात राज्यस्तरीय नोंदणी १९०३मध्ये आणि कॅलिफोर्नियात १९०५मध्ये सुरू झाली. सगळी राज्ये राष्ट्रीय आकडेवारीच्या नोंदणीक्षेत्रात यायला १९३३ उजाडावे लागले. शिवाय ‘काउंटी’ हा शब्दही सगळीकडे चालत नाही : लुइझियानात तिला पॅरिश म्हणतात, तर कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये जुन्या नोंदी काउंटीकडे नसून गावाच्या क्लार्ककडे असतात. काउंट्यांच्या सीमाही बदलतात. ॲरिझोनातील ला पाझ काउंटी १९८३मध्ये युमा काउंटीतून वेगळी निघाली, त्यामुळे त्या भागातील १९५० सालच्या मृत्यूचा माग युमातच काढायला हवा. माझी सवय अशी की अर्ज लिहिण्यापूर्वी त्या वर्षीचा नकाशा पाहायचा, आजचा नाही.

यानंतर प्रत कोणत्या प्रकारची हवी, हे ठरवावे लागते आणि नवखे लोक बहुधा इथेच पैसे वाया घालवतात. कॅलिफोर्नियात जवळचे नातेवाईक, वकील वगैरे पात्र व्यक्तींना अधिकृत प्रमाणित प्रत मिळते आणि त्यासाठी शपथपूर्वक निवेदन द्यावे लागते. इतर कुणालाही केवळ माहितीपर प्रत मिळते, जिच्यावर ‘ओळख सिद्ध करण्यासाठी ग्राह्य नाही’ अशा अर्थाचा शिक्का असतो. कुळाचा इतिहास लिहिणाऱ्याला माहितीपर प्रत पुरते, कारण मजकूर तोच असतो. वारसाहक्काच्या कामात मात्र तिचा उपयोग नाही. फ्लोरिडात मृत्यूचे कारण असलेली आणि नसलेली अशा दोन प्रती असतात आणि ५० वर्षे होईपर्यंत कारण सर्वांना खुले नसते. टेक्सासात २५ वर्षांनी, तर पेनसिल्व्हेनियात ५० वर्षांनी नोंद सार्वजनिक होते. मिझुरी राज्याने तर १९१०पासूनचे, ५० वर्षांहून जुने दाखले संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. तेव्हा मध्यस्थ संकेतस्थळाला भरमसाट पैसे देण्यापूर्वी राज्याचे अभिलेखागार आणि सॉल्ट लेक सिटीच्या फॅमिलीसर्च या वंशावळ-संस्थेचा विनाशुल्क संग्रह, हे दोन्ही पाहून घ्यावे.

सोशल सिक्युरिटीची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेची, मृत्यूसूची बहुतेकजण आधी उघडतात. तिच्यात प्रामुख्याने १९६२नंतरच्या नोंदी आहेत आणि अलीकडच्या तीन वर्षांतील मृत्यू सर्वसामान्यांना दिसत नाहीत. तिच्यातील ‘शेवटचे निवासस्थान’ हे मृत्यूचे ठिकाण समजू नये. माझी सुरुवातीची चूक तीच होती.

मराठी नावांचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. अनेक जुन्या सूच्यांत साउंडेक्स नावाची पद्धत वापरतात, जिच्यात आडनावाचे पहिले अक्षर आणि पुढे तीन आकडे असतात. तिच्यामुळे जोशी हे नाव शेवटी एका स्वराने लिहा की दोन, ते एकाच कप्प्यात पडते. पण पहिले अक्षर जसेच्या तसे राहते, म्हणून वाघ किंवा वाकणकर यांचे ‘व’ इंग्रजीत व्हीने लिहिले की डब्ल्यूने, यावर दोन निरनिराळे कप्पे होतात आणि दोन्हीकडे शोधावे लागते. वडिलांचे नाव आडनाव म्हणून चढले असेल, तर तेही शोधून पाहावे.

दाखला हाती आला, तरी त्यातील प्रत्येक ओळ सारख्याच वजनाची नसते. मृत्यूची तारीख आणि कारण डॉक्टर किंवा कॉरोनर (संशयास्पद वा आकस्मिक मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) लिहितो, पण जन्मतारीख, आईवडिलांची नावे वगैरे तपशील घरचे कुणीतरी अंत्यविधी संस्थेला सांगते, तेही शोकाच्या भरात. एका दाखल्यात मृताच्या आईचे लग्नापूर्वीचे आडनाव म्हणून सासरचेच आडनाव आढळले. इथेच वाढलेल्या मुलाला आजीचे माहेरचे नाव कधी माहीतच नव्हते. म्हणून माहिती देणाऱ्याच्या नावाचा रकाना मी सर्वांत आधी वाचते.

दाखला सापडलाच नाही, तर प्रोबेट कोर्टाची फाइल काढावी. तिच्यात वारसांची यादी असते आणि कुळाच्या अभ्यासकाला ती दाखल्याहूनही अधिक देऊन जाते. दफनभूमीच्या वह्या, कॉरोनरच्या चौकशा आणि वृत्तपत्रांतील निधनवार्ता यांचाही आधार मिळतो. ‘नोंद आढळली नाही’ हे पत्र फेकू नये. रीतसर शोध घेतल्याचा पुरावा म्हणून ते कामी येते.

इथल्या मराठी कुटुंबांना हाच दाखला बहुधा गावाकडील जमिनीसाठी किंवा सोसायटीतील सदनिकेसाठी लागतो. फोनवर एक गंमत हमखास होते : मी मृत्युपत्र आहे का, असे विचारते आणि काका मृत्यूचा दाखला पाठवून देतात. भारत २००५पासून ॲपोस्टिलच्या, म्हणजे एका देशाचा दस्तऐवज दुसऱ्या देशात ग्राह्य ठरवणाऱ्या प्रमाणपत्राच्या, करारात आहे, त्यामुळे दाखला ज्या राज्याने दिला त्याच राज्याच्या सचिवांकडून ॲपोस्टिल घ्यावे लागते. काही राज्यांत काउंटीने दिलेल्या प्रतीवरील सही आधी काउंटी क्लार्ककडून प्रमाणित करून घ्यावी लागते, म्हणून अशा कामासाठी मी शक्यतो राज्याच्याच कार्यालयातून प्रत मागवते. तरीही सातबाऱ्यावर ‘दत्तात्रय गोविंद’ आणि दाखल्यावर ‘डॅन’ असे असेल, तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. त्यामुळे हल्ली अर्ज भरण्याआधीच मी नातेवाइकांकडून सातबाऱ्याचा फोटो मागवून घेते.