चिखल्या आणि पिवळी नखं: मलम मागण्याआधी हे वाचा

बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजून सुटल्यासारखी कातडी, खाज आणि वास. बहुतेकदा करंगळीच्या बाजूच्या बेचक्यातून सुरुवात. या चिखल्या, म्हणजे बुरशीचा संसर्ग. भातलावणीला दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्याला होतात, तशाच ओल्या बुटांत ऑफिस गाठणाऱ्यालाही. मधुमेह असेल, पू येत असेल किंवा पाय सुजून लाल झाला असेल, तर पुढचं सोडा आणि डॉक्टरांकडे जा.

पाय धुवा, बेचके कोरडे करा, मोजे रोज बदला. हे सगळ्यांना ठाऊक असतं.

खरी गोची मेडिकलच्या काउंटरवर होते. ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की तीन-चार औषधांची खिचडी असलेली ट्यूब हातात पडते. त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. बुरशी मात्र खुशाल पसरत असते, कारण तिला आवरणारी शरीराची प्रतिकारशक्तीच तिथे दाबली जाते. मलम थांबलं की दुखणं उलटतं, आणि चट्ट्याचं रूप बदलल्याने डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं मोबाइलने मोठी करून वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन, या स्टेरॉइडांपैकी एक जरी नाव दिसलं तरी ट्यूब परत. बुरशीवरचं नुसतं १ टक्का क्लोट्रिमॅझोल मलम मागा. शेजाऱ्याला कशाने गुण आला, ते शेजाऱ्यापाशी राहू द्या.

क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवरही लावायचं, आणि चांगले ४ आठवडे. आठवड्यात कातडी छान दिसू लागते नि लोक ट्यूब फेकतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच रडगाणं. लसूण तर बिलकूल नको, कातडी भाजते.

बुरशी नखात शिरली की मलमाचा फारसा उपयोग नाही, जाड नखातून औषध आत पोचत नाही. त्यात प्रत्येक जाड, पिवळं नख बुरशीचं नसतं. सोरायसिस हा त्वचारोग किंवा घट्ट बुटाचा मारही तसाच दिसतो. बुरशीवरच्या टर्बिनाफिनच्या गोळ्या पायाच्या नखासाठी साधारण ३ महिने चालतात, यकृताची तपासणीही करावी लागते. तेव्हा गोळ्यांआधी नखाचा तुकडा तपासायचा आग्रह धरा. तपासणीला जाताना नख मुळापर्यंत कापू नका, मेंदीही नको. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला १.५ मिलिमीटरच्या आसपास वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष. गोळ्या संपतील तेव्हाही टोक पिवळंच असेल. मुळाकडून स्वच्छ नख येतंय का, तेवढं बघा.