गुन्ह्यानंतरचं आजारपण: विदर्भातल्या खेड्यांत संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी

गुन्हा सोसलेल्या माणसांच्या तब्येतीवर पीएच.डी. करायची म्हणून भेटायला येणाऱ्यांच्या हाती बहुधा एनसीआरबीचे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे, तक्ते असतात. ते जरूर वाचा, पण त्यात ठाण्यात नोंदलं तेवढंच येतं. यवतमाळ-वर्ध्याकडे शेतातली मोटार किंवा केबल चोरीला गेली, तर कित्येक जण ठाण्यात जातच नाहीत. मारहाणीचं प्रकरण पोलीस पाटलापुढं नाहीतर तंटामुक्ती समितीत मिटतं. घरातली मारहाण तर दाराबाहेरच येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायांपैकी कुठंतरी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के होत्या.

‘तुमच्यासोबत काही गुन्हा घडला काय?’ असं विचारलं की ‘नाई जी’ म्हणून विषय संपतो. घटना विचारा. घरातला कापूस, शेळी, मोटार गेली का? सावकाराच्या माणसानं धमकावलं का? मोबाइलवरून पैसे गेले का? तारीख कुणाला आठवत नाही. पोळ्याच्या आधी की नंतर, पेरणीत की वेचणीत, हे पक्कं आठवतं. दोन वर्षांमागची गोष्ट ‘यंदाचीच’ म्हणून सांगितली जाते, ती अशा खुणांनी जागेवर येते.

तब्येतीचा भाग याहून अवघड. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ गोष्टी विचारते, त्यात झोपही आहे. पण पीक उभं असताना रानडुकरांमुळे माणूस जागलीवरच असतो. त्याची झोप चोरीनं उडाली की डुकरांनी? म्हणून घरी निजलेल्या रात्रीही जाग येते का, हे वेगळं विचारावं लागतं. मनातलं उदासपण कुणी त्या नावानं सांगत नाही; छातीत धडधडते, जेवण जात नाही, हातपाय गळतात, असं सांगतात. मोटार गेलेल्या एका शेतकऱ्याचं मन तसं शाबूत होतं, पण नव्या मोटारीच्या पैशासाठी दिवसा मजुरी आणि रात्री शेतावर पाळत, यात बीपीच्या गोळ्या आणायला आरोग्य केंद्रात जाणंच सुटलं. गुन्ह्याचा आरोग्यावरचा परिणाम असाही असतो आणि कोणत्याच मानसिक चाचणीत तो दिसत नाही. आजार आधी की घटना आधी, हे एकाच भेटीत ठरत नाही. जमलं तर वर्षानं त्याच घरांत पुन्हा जा. नाही जमलं तर ‘संबंध आढळला’ एवढंच लिहा.

बायांशी बोलायचं तर आडोसा हवाच. गावात ‘आरोग्याचा सर्वे’ म्हणूनच सांगा, एका घरातल्या एकाच बाईला हिंसेचे प्रश्न विचारा, आणि सासू आत आली की पिण्याच्या पाण्याच्या प्रश्नावर या. कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) नवऱ्याला दुभाषा करू नका. कोलामी बोलणारी बाई चमूत घ्या. अठराखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे संमती घेतानाच स्पष्ट सांगा, नाहीतर तो विश्वासघात ठरतो.

माझा सगळ्यात मोठा आग्रह असा: प्रश्नावली छापण्याआधी मदतीची वाट पायानं चालून पाहा. हिंसा सोसलेल्या बायांसाठीच्या सखी केंद्रात जाऊन बसा, तिथं रात्री कोण असतं ते बघा. महिला हेल्पलाइनचा १८१ आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ गावातून लावून पाहा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अत्याचारपीडितांना मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचे कागद समजून घ्या. बाईनं सगळं सांगितल्यावर तिला कुठं पाठवायचं हे ठाऊक नसेल, तर तो प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क नाही.

फेलोशिपसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिराती पाहत राहा. समाजकार्य, मानसशास्त्र, कम्युनिटी मेडिसिन, कुठूनही या विषयात येता येतं. संख्याशास्त्र मात्र नीट शिका. आणि मुलाखती घेणाऱ्या मुलींचीही झोप उडते. संध्याकाळी सगळ्यांनी बसून बोलायचा वेळ आणि समुपदेशकाचं मानधन प्रस्तावाच्या बजेटमध्येच घाला, काम सुरू झाल्यावर ते पैसे मिळवणं फार कठीण जातं.