रेडिएशनचे डॉक्टर होताय? या चुका टाळा

दरवर्षी एमडीला नवी पोरं येतात आणि जुन्याच चुका नव्या उत्साहाने करतात. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग नीट-पीजीची रेटारेटी, पुढे रेडिएशन ऑन्कॉलॉजीची तीन वर्षं. एवढं करून घरचे पाहुण्यांना सांगतात, 'आमचा एक्स-रेचा डॉक्टर'. त्याला इलाज नाही. पण 'रात्रीची इमर्जन्सी नसते म्हणून ही ब्रँच घेतली' असं कुणी म्हणालं की मी त्याला मणक्यावर गाठीचा दाब आलेला पेशंट दाखवतो. पाय गळून आलेला माणूस सोमवारची वाट बघत नाही.

माझ्या डोक्यात जाणारी चूक एकच: उपचारातला मधला खंड हलक्यात घेणं. घशाच्या कॅन्सरला ऑपरेशनऐवजी थेट लाईट, म्हणजे रेडिएशन, द्यायची तर साधारण 35 सिटिंग, आठवड्याला पाच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी जोराने वाढायला लागतात आणि वाया गेलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते. हे परीक्षेत सगळेच लिहितात. मीही लिहिलं होतं.

तरी ज्युनिअर असताना निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या एका मावशींना मी अठराव्या सिटिंगनंतर घाईघाईत म्हणालो, 'मावशी, आता जरा आराम करा.' तोंड सोललेलं, घोटभर पाणी गिळताना डोळे भरून येत होते. मला म्हणायचं होतं, कामाला जाऊ नका. त्यांनी ऐकलं, लाईट बंद. अकरा दिवस त्यांचा मास्क, सिटिंगच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाने बनवलेला, खोलीतल्या खुंटीवर लटकत होता, कपाळावर चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि नंबर. मी रोज त्याच्यासमोरून जात होतो. परत आल्या तेव्हा चार किलो उतरल्या होत्या आणि हनुवटीपाशी मास्कमध्ये माझी दोन बोटं जात होती. नवा मास्क, नवा सीटी, नवा प्लॅन, त्यात आणखी तीन दिवस गेले. मग शनिवारी सिटिंग, काही दिवस सहा तासांच्या अंतराने दोन-दोन, अशी धावपळ. सात महिन्यांनी मानेत गाठ परत आली. त्या खंडामुळेच आली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, हे मला माहीत आहे.

तेव्हापासून पहिल्याच दिवशी पेशंटसमोर कालनिर्णय उघडतो. घरात लग्न आहे का? ऊसतोड कधी? माघात सौंदत्तीच्या जत्रेला जाणार का? खानापूरची शेवटची बस किती वाजता? शेवटच्या सिटिंगची तारीख कार्डावर लाल पेनने लिहितो. कुणी आलं नाही तर त्याच दुपारी फोन, उद्या नाही. आणि 'आराम' हा शब्द तोंडातून काढत नाही.

भाषेचंही तसंच. आमच्या बेळगाव भागात खानापूरचा पेशंट मराठीत बोलेल, बैलहोंगलचा कन्नडमध्ये. नातेवाइकाच्या भाषांतरावर भागवणाऱ्यांचा मला राग येतो. 'ऊटा आतेन्री?' (जेवण झालं का?) एवढं जरी विचारता आलं तरी गिळायला काय होतंय ते रिपोर्टाआधी कळतं.

आता नवं खूळ, ऑटो-कॉन्टूर. बटण दाबलं की कॉम्प्युटर अवयव रंगवून देतो, साहेब सही करून मोकळे. मी अजून गर्भाशयमुखाच्या प्रत्येक पेशंटला स्वतः आतून तपासून, गाठ कुठवर गेलीय त्याचं चित्र हाताने काढतो, मगच माऊसला हात लावतो. पोरं हसतात. हसू देत. त्याच पेशंटची ब्रॅकीथेरपी (गाठीजवळ आतून दिलेलं रेडिएशन) धरून सगळी ट्रीटमेंट आठ आठवड्यांत संपवायची, तिथे मात्र हीच घाई कुठे जाते कोण जाणे.

बाकी किरकोळ. किडके दात रेडिएशनच्या आधी काढून घ्या. नंतर काढले तर जबड्याचं हाड सडू शकतं. प्लॅन समजला नाही तर डोसचा हिशेब करणाऱ्या फिजिसिस्टकडे जा, मान डोलावू नका. आणि टीएलडी बॅज, म्हणजे आपल्या अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा बिल्ला, छातीवर लावा. एका पठ्ठ्याचा पूर्ण तिमाही गाडीच्या डॅशबोर्डवर पडून होता, एप्रिल-मेच्या उन्हात. 'सर, माझा डोस किती आला?' म्हणून विचारायलाही तोच पहिला आला.